सुधारणावाल्यांचीच मतं फुटतात तेव्हा : इराण २००५, कोरिया १९८७ वगैरे

ठाकुरद्वार

इराणची २००५ ची राष्ट्राध्यक्ष निवडणूक आपल्याकडे एवढीच लक्षात आहे की कट्टरपंथी अहमदीनेजाद निवडून आले. ते तिथपर्यंत पोचले कसे यावर फार कोणी बोलत नाही म्हणून हा धागा काढतोय.

१७ जून २००५ ला पहिली फेरी झाली, सात उमेदवार होते. माजी राष्ट्राध्यक्ष रफसंजानी २१ टक्के, अहमदीनेजाद साडेएकोणीसच्या आसपास, मेहदी करूबी १७, मग कालिबाफ आणि मुस्तफा मोईन दोघंही १४ च्या जवळ, लारिजानी ६ आणि शेवटी मोहसेन मेहरअलीझादे साडेचार. यातले करूबी, मोईन आणि मेहरअलीझादे हे तिघं सुधारणावादी, आधीचे राष्ट्राध्यक्ष खातमी यांच्या आठ वर्षांच्या काळातली माणसं. तिघांची मतं मिळून एक कोटीच्या वर जातात, म्हणजे ३५ टक्के, पहिल्या आलेल्या रफसंजानींपेक्षा कितीतरी जास्त, आणि तरी पहिल्या दोघांत होणाऱ्या दुसऱ्या फेरीत यांच्यातला एकही नाही. अहमदीनेजाद दुसरे, करूबी तिसरे, दोघांत फरक साधारण ६ लाख ४० हजारांचा. एकट्या मेहरअलीझादेंना त्याच्या दुप्पट मतं आहेत. आठवड्याने दुसरी फेरी झाली त्यात अहमदीनेजाद जवळजवळ ६२ टक्के घेऊन आले आणि खातमींनी उभं केलेलं बरंचसं पुढच्या आठ वर्षांत मोडलं गेलं.

आता हे आकडे बघून कोणीही म्हणेल की दोघांनी फॉर्म मागे घेतला असता तर काम झालं असतं. मला हे इतकं सरळ वाटत नाही. करूबी मूळचे लोरेस्तानचे, धर्मगुरू, दोनदा संसदेचे सभापती, आणि त्यांचं प्रचारातलं मोठं आश्वासन होतं १८ वर्षांवरच्या प्रत्येकाला महिन्याला ५० हजार तोमान (इराणी चलन). तिकडे मोईन हे उच्चशिक्षणमंत्री होते, विद्यार्थी, प्राध्यापक, शहरातला शिकलेला वर्ग त्यांच्या मागे, आणि त्यांचं बोलणं मानवी हक्क, राजकीय कैदी, लोकशाही यावर. मेहरअलीझादे अझेरी, त्यांना पूर्व अझरबैजान भागात भरभरून मतं पडली आणि बाकी देशात त्या मानाने कमी. म्हणजे करूबी उद्या म्हणाले असते की मोईनना मत द्या, तर त्या ५० हजार तोमानच्या आशेवर असलेल्या लोरेस्तानच्या गावातल्या माणसाने मोईनना का म्हणून मत द्यावं? तो कदाचित गरिबांचं नाव घेणाऱ्या अहमदीनेजादांकडेच गेला असता.

माझं म्हणणं असं की सुधारणा हवी असणारे लोक म्हणजे एक गठ्ठा नसतो. नेते मात्र तो गठ्ठा आहे असं धरून चालतात आणि प्रत्येकाला वाटतं की शेवटी दुसऱ्याचा मतदार झक मारत माझ्याकडेच येणार, म्हणून कोणी मागे हटत नाही. तुम्हा लोकांना काय वाटतं ते वाचायचंय.

कुर्ला_स्लो

मला तुमचं पटत नाहीये. बेरीज ही बेरीजच असते हो. २००९ ची लोकसभा आठवा, मुंबईतल्या सहाच्या सहा जागा आघाडीने घेतल्या. ईशान्य मुंबईत संजय दिना पाटील किरीट सोमय्यांवर २,९३३ मतांनी आले आणि मनसेच्या शिशिर शिंदेंना १ लाख ९५ हजार मतं. यात कसला गठ्ठा आणि कसलं काय, त्यातली दोन टक्के मतं जरी इकडे आली असती तरी निकाल फिरला असता. इराणमध्ये पण सहा लाखांचाच फरक आहे ना, मोईनच्या ४० लाखांतले सहा-सात लाख नक्कीच करूबींकडे आले असते.

पार्लेकरीण

कुर्ला_स्लो, २००९ चं तुमचं उदाहरण मी अगदी जवळून बघितलंय, आमच्या बिल्डिंगमधली कॉलेजची पोरं त्या वर्षी पहिल्यांदा मतदान करत होती आणि ती फक्त मनसेसाठी उतरली होती. तो पक्ष उभाच नसता तर ती त्या दिवशी घरात झोपली असती किंवा गावी गेली असती. आपण हिशोब करताना समजतो की त्या १ लाख ९५ हजारांपैकी प्रत्येकजण मतदानाला येणारच होता, फक्त बटण कुठलं दाबायचं एवढंच बाकी होतं. तसं नसतं. मात्र २,९३३ चा फरक इतका बारीक आहे की त्या एका जागेपुरतं तुमचं बरोबर निघू शकतं.

लालबाग_वाचक

या विषयावर बोलायचं तर दक्षिण कोरिया १९८७ सोडून चालणारच नाही, कारण तिथे जे झालं ते वाचताना आजही जीव तुटतो.

त्या वर्षी जूनमध्ये लाखो लोक रस्त्यावर होते. विद्यार्थी तर होतेच पण ऑफिसात टाय लावून जाणारी माणसंही दुपारच्या सुट्टीत मोर्च्यात उतरली. लष्करशहा चुन दू-ह्वान यांना थेट निवडणूक नको होती आणि त्यांनी आपला जुना मित्र, लष्करातलाच रोह ते-वू वारस म्हणून पुढे केला होता. पण लोकांचा रेटा इतका की २९ जूनला रोह यांनीच जाहीर केलं की राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडला जाईल. म्हणजे लोकांनी लढून हक्क मिळवला. आणि सहा महिन्यांत, १६ डिसेंबरला, त्याच हक्काने निवडून आले कोण, तर तेच रोह, ३६.६ टक्क्यांवर.

कारण समोर दोन किम. किम यंग-साम यांना २८ टक्के, किम दे-जुंग यांना २७. दोघांची मिळून सव्वा कोटीच्या आसपास मतं, रोहना ८३ लाखांच्या आत. दुसरी फेरी नाही, जास्त मतं त्याची खुर्ची, आपल्यासारखंच. दोघंही आयुष्यभर हुकूमशाहीशी लढलेले, नजरकैद भोगलेले. किम दे-जुंगना तर फाशीची शिक्षा झालेली होती, नंतर ती कमी झाली. असल्या माणसांना तुम्ही संधिसाधू म्हणू शकत नाही, आणि म्हणूनच हे जास्त लागतं.

ठाकुरद्वार म्हणतात ते इथे दिसतं बघा. किम यंग-साम बुसानकडचे, किम दे-जुंग होनामचे म्हणजे नैऋत्येचे, आणि दोन्ही भागांचं एकमेकांशी पटत नव्हतं. किम दे-जुंगांच्या गोटात तर गणित मांडलेलं होतं की चार उमेदवार उभे राहिले तर पूर्वेकडची मतं रोह आणि किम यंग-साम यांच्यात वाटली जातील, चौथा किम जोंग-पिल (जुन्या लष्करी राजवटीतला माजी पंतप्रधान) आपला भाग खाईल, आणि होनाम अधिक सोल या जोरावर आपण पहिले येऊ. म्हणजे फूट पडली तर आपलाच फायदा, असा हिशोब करून ते वेगळा पक्ष काढून उभे राहिले. विद्यार्थी चळवळसुद्धा यावरून चिरली, काहीजण किम दे-जुंगना पाठिंबा द्या म्हणत होते, काहीजण आधी दोघांना एकत्र बसवा म्हणत होते. बेक गी-वान नावाचे एक तिसरेच उमेदवार होते, त्यांनी दोघांनी एक व्हावं म्हणून स्वतःची उमेदवारी मागे घेतली, तरी दोघांपैकी कोणी हललं नाही. त्यात मतदानाला अडीच आठवडे असताना कोरियन एअरचं विमान बॉम्बने उडालं, त्यामागे उत्तर कोरियाचा हात असल्याचं समोर आलं आणि सुरक्षेचा मुद्दा आयता रोहना मिळाला.

पुढे दोघंही राष्ट्राध्यक्ष झाले हे खरंय. पण किम यंग-साम झाले ते १९९० मध्ये रोह यांच्याच पक्षात विलीन होऊन, आणि किम दे-जुंग झाले ते डिसेंबर १९९७ मध्ये त्याच किम जोंग-पिल यांच्याशी युती करून, शिवाय त्या वेळी फूट समोरच्या बाजूला पडली होती. म्हणजे ८७ मध्ये एकमेकांशी जी तडजोड जमली नाही ती दोघांनी नंतर आपापल्या जुन्या शत्रूंशी केली.

कुर्ला_स्लो

लालबाग_वाचक, तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत की. ५५ टक्के विरुद्ध साडेछत्तीस. यात किम दे-जुंगचे अर्धे मतदार घरी बसले असते तरी दुसरा किम आला असता.

लालबाग_वाचक

आला असता, मी नाही म्हणत नाहीये. पण दोघांनाही तेच वाटत होतं ना! समोरच्याने माघार घेतली की मी येतो, हे दोघांच्याही बाबतीत खरं होतं, मग माघार घ्यायची कोणी? २८ आणि २७ असं असेल तर कोण मोठा कोण छोटा हे ठरवणार कसं, आणि हे आकडे तर मतमोजणीनंतरचे.

वांद्रे_पूर्व

दुसरी फेरी असली की हा प्रश्न सुटतो असं बरेचजण समजतात. सुटत नाही. फ्रान्स २००२ घ्या, १६ उमेदवार, समाजवादी जोस्पँ १६.१८ टक्के, अतिउजवे ले पेन १६.८६. डाव्यांचे इतके छोटे छोटे उमेदवार उभे होते की एकट्या शेवेनमां यांना ५ टक्क्यांच्या वर मतं, क्रिस्तियान तोबिरा यांना सव्वादोन. मतदारांना वाटलं पहिल्या फेरीत मनासारखं मत देऊ, दुसरीत जोस्पँ आहेतच. दुसरीत ते नव्हतेच. मग ले पेनना अडवायला उजव्या शिराकना ८२ टक्के द्यावे लागले, डाव्यांनी नाक दाबून दिले.

इजिप्त २०१२ त्याहून वाईट. मुबारकांविरुद्धच्या क्रांतीची, तहरीर चौकातून आलेली मतं हमदीन सबाही (२०.७ टक्के) आणि अबुल फुतूह (१७.५) यांच्यात वाटली गेली. पुढे गेले कोण, तर मुस्लिम ब्रदरहुड या इस्लामी संघटनेचे मुर्सी २४.८ वर आणि मुबारक यांचे शेवटचे पंतप्रधान शफीक २३.७ वर. ज्यांनी क्रांती केली त्यांना दुसऱ्या फेरीत आपलं म्हणावं असं कोणी उरलं नाही. वर्षभराने लष्कराने मुर्सींना काढलं.

दुसऱ्या फेरीमुळे उलट पहिल्या फेरीत सगळे बिनधास्त उभे राहतात. इराणमध्येपण तसंच झालं असणार.

पार्लेकरीण

म्हणूनच मला पसंतीक्रमाचं मतदान जास्त योग्य वाटतं आणि ते काही परदेशी खूळ नाहीये. मुंबईत पदवीधर मतदारसंघात ज्यांनी मत दिलंय त्यांना माहितीये. मशीन नाही, लांबलचक कागद, टेबलावर बांधलेलं जांभळ्या शाईचं स्केचपेन, आणि नावापुढे १, २, ३ आकड्यात लिहायचं. स्वतःचं पेन वापरलं की मत बाद. माझ्यापुढे रांगेत एक आजोबा होते, त्यांनी तिथल्या बाईंना तीनदा विचारून घेतलं की दुसऱ्याला २ लिहिलं तर माझ्या पहिल्याचं मत कमी होत नाही ना. नाही होत. पहिला बाद झाला तरच २ बघतात. ही शंका किती लोकांच्या मनात असेल, आणि म्हणून ते फक्त १ लिहून बाहेर पडतात.

आपले राष्ट्रपती पण असेच निवडले जातात, खासदार-आमदारांच्या मतांनी. १९६९ मध्ये गिरी विरुद्ध नीलम संजीव रेड्डी हे सगळ्यांना आठवतं पण तिसरे होते आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबई महाराष्ट्राला देत नाहीत म्हणून १९५६ मध्ये ज्यांनी अर्थमंत्रीपद सोडलं ते. जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभं केलं होतं. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. कोणालाच निम्मी नाहीत म्हणून दुसरी पसंती मोजली तेव्हा रेड्डी एकदम ४,०५,४२७ वर गेले आणि गिरी ४,२०,०७७ वर थांबून निवडून आले. बघा, देशमुख उभे राहिल्यामुळे रेड्डींची मतं वाया गेली नाहीत, देशमुखांची बरीचशी त्यांच्याकडे वळली, तरी पंधराएक हजारांनी हरले. पण निदान हरले ते खऱ्या तुलनेत हरले.

आयर्लंडमध्ये १९९० ला मेरी रॉबिन्सन पहिल्या मोजणीत ३९ टक्क्यांवर होत्या, लेनिहान ४४ वर. तिसऱ्या करींची मतं वाटल्यावर रॉबिन्सन आल्या, आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष.

वांद्रे_पूर्व

पार्लेकरीण ताई, पद्धत चांगली आहे पण लोकांनी वापरली पाहिजे. श्रीलंकेत ही सोय कित्येक वर्षं आहे आणि पहिल्यांदा वापरायची वेळ आली ती सप्टेंबर २०२४ ला, दिसानायके ४२ टक्क्यांवर अडकले तेव्हा. बाद झालेल्या उमेदवारांच्या बहुतेक मतदारांनी दुसरी पसंती लिहिलेलीच नव्हती. तुमच्या त्या आजोबांसारखी शंका विचारायला सुद्धा कोणी थांबत नाही.

अंजू_मुलुंड

इतकं सगळं वाचलं, एक विचारू का. करूबींच्या बाबतीत गैरप्रकार झाला असं पण म्हणतात ना? मग मतं फुटली म्हणून हरले की हरवले गेले?

ठाकुरद्वार

अंजू ताई, बरोबर जागी बोट ठेवलंत. करूबी स्वतः म्हणाले होते की पहाटे दोन तास झोपायला गेलो तेव्हा पुढे होतो, उठलो तर मागे पडलेलो. त्यांनी जाहीर आरोप केले, देशाचे सर्वोच्च नेते खामेनी यांना पत्र लिहिलं, पदांचे राजीनामे दिले आणि नवा पक्ष काढला. त्यातलं किती सिद्ध झालं या वादात शिरत नाही, पण मला एवढं कळतं की गडबड करायची असेल तर ती सहा लाखांच्या फरकात करता येते, तीस लाखांच्या फरकात फार अवघड. मतं फुटली की फरक बारीक होतो आणि मग समोरच्याला हात घालायला जागा मिळते. दोन्ही कारणं एकमेकांच्या जोडीनेच चालतात.

शिवाय एक तिसरी गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फेब्रुवारी २००३ मध्ये तेहरान महापालिकेची निवडणूक झाली, खातमींवर नाराज झालेला सुधारणावादी मतदार घरी बसला, तेहरानमध्ये मतदान जेमतेम १२ टक्के. कट्टरपंथी गटाने महापालिका घेतली आणि फारसं कोणाला माहीत नसलेल्या एका माणसाला महापौर केलं, तो अहमदीनेजाद. तिथून दोन वर्षांत राष्ट्राध्यक्ष. २००५ मध्येही बहिष्काराची भाषा करणारे बरेच होते, कारण उमेदवारांची छाननी करणाऱ्या गार्डियन कौन्सिलने मोईन आणि मेहरअलीझादे यांना आधी बादच केलं होतं, मग खामेनींच्या सांगण्यावरून परत घेतलं, आणि लोकांना वाटलं की असल्या मेहेरबानीच्या निवडणुकीत कशाला जायचं. त्यांचं दुखणं मला कळतं. पण तिघांत वाटली गेलेली मतं आपण मोजत बसतो आणि ही चौथी, घरी राहिलेली, कोणी मोजत नाही.

लालबाग_वाचक

एकत्र येऊन जमल्याचं उदाहरण हवं असेल तर केनिया. १९९२ मध्ये विरोधकांच्या फोर्ड पक्षाचेच दोन तुकडे झाले, मातिबा २६ टक्के, ओडिंगा (पुढे येणाऱ्या रायलांचे वडील) साडेसतरा, शिवाय किबाकी वेगळे साडेएकोणीस, आणि सत्तेवरचे मोई साधारण ३६ वर परत बसले. १९९७ ला परत तेच. मग ऑक्टोबर २००२ मध्ये नैरोबीच्या उहुरू पार्कातल्या सभेत रायला ओडिंगा, ज्यांना स्वतःला व्हायचं होतं, त्यांनी भर सभेत 'किबाकी तोशा' म्हटलं, म्हणजे किबाकी चालतील, पुरेत. डिसेंबरच्या सुरुवातीला किबाकींचा गाडीचा अपघात झाला, ते उपचारासाठी लंडनला, आणि प्रचार बाकीच्यांनी केला. ६२ टक्के मतं पडली. शपथ घेतली तेव्हा ते व्हीलचेअरवर होते. उमेदवार हॉस्पिटलात असताना त्याचे कालचे प्रतिस्पर्धी त्याच्यासाठी गावोगाव फिरतायत, हे मला फार मोठं वाटतं. मात्र यायला दहा वर्षं आणि दोन पराभव लागले.

ठाकुरद्वार

इराणने पण एकदा करून दाखवलंय. २०१३ मध्ये सुधारणावाद्यांचे आरेफ उभे होते आणि मध्यममार्गी रूहानी. मतदान १४ जूनला, आणि त्याच्या तीन दिवस आधी खातमींचा निरोप आला म्हणून आरेफ यांनी माघार घेतली. रूहानींना ५०.७ टक्के, पहिल्याच फेरीत काम झालं. आरेफ राहिले असते तर दुसरी फेरी जवळजवळ ठरलेलीच होती. इथे फरक एवढाच की दोघांनीही ज्याचा शब्द मानावा असा एक माणूस होता आणि त्याने वेळेत शब्द टाकला. कोरियात असं कोणी नव्हतं, बेक गी-वान यांची नैतिक ताकद मोठी पण त्यांचं ऐकायला किम बांधील नव्हते.

आणि कुर्ला_स्लो, बेरजेबद्दल शेवटचं. २०२४ ला उलट झालं, कट्टरपंथीयांचे मुख्य दोन, जलीली आणि कालिबाफ, आणि सुधारणावाद्यांचे एकटे पेझेश्कियान. पहिल्या फेरीत पेझेश्कियान १ कोटी ४ लाख, जलीली ९४ लाख, कालिबाफ ३३ लाख. तुमच्या बेरजेने जलीली दुसऱ्या फेरीत आरामात यायला हवे होते, कालिबाफ यांनी पाठिंबाही दिला होता. प्रत्यक्षात जलीली १ कोटी ३५ लाखांवर थांबले आणि पेझेश्कियान १ कोटी ६३ लाखांवर गेले, कारण मतदान ४० टक्क्यांवरून जवळपास ५० वर गेलं. पहिल्या फेरीत घरी बसलेले ६० लाख लोक बाहेर पडले.

कुर्ला_स्लो

दुसऱ्या फेरीत नवे लोक येतात हे मान्य. पण आपल्याकडे ती फेरीच नाही, त्यामुळे मी माझ्या बेरजेवर ठाम आहे. आपल्याकडे जे काय ठरायचं ते फॉर्म मागे घ्यायच्या दिवशी दुपारी तीनच्या आत ठरायला हवं. तीननंतर उमेदवाराने समोरच्याला जाहीर पाठिंबा दिला, पेपरात फोटो आला, तरी मशीनवर त्याचं नाव आणि चिन्ह तसंच राहतं आणि लोक ते बटण दाबतात.